आजीचं लुगडं, आजोबांचा कोट आणि सोमवारची कचेरी

वाचकांचे प्रश्न : जुन्या धाटणीचा पेहराव रोजच्या कामात

लग्नकार्यात एक दिवस मिरवायचं तर कुठलाही जुना कपडा चालून जातो. तोच आठ-नऊ तास अंगावर ठेवायचा, गाडीवर बसायचं, बोअरच्या पाण्यात धुवायचा आणि मे महिन्यातही घालायचा म्हटलं, की कापड, बेतणी आणि शिलाई यांची खरी परीक्षा होते. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न या रोजच्या वापराचेच आहेत. उत्तरंही आम्ही त्याच अंगानं दिली आहेत.

आजीची दोन इरकल लुगडी माझ्याकडे आहेत. नऊवारी, साधारण पन्नास वर्षांपूर्वीची. मी शाळेत शिकवते, रोज स्कूटीवर दहा किलोमीटर जाते. कापून सहावारी करून घ्यावीत का? एकाचं कापड पदराजवळ विरलंय.
— शिक्षिका, उदगीर

कात्री हातात घेण्याआधी लुगडं पूर्ण उलगडा आणि दारातल्या उजेडासमोर हातभर-हातभर सरकवत बघा. जिथून उजेड जास्त येतो, तिथे ते विरलंय. अशा जागी रंगीत दोऱ्याचा एक सैल टाका घालून खूण करा. पेनानं किंवा रंगीत खडूनं खूण करू नका, ती राहून जाते. मग दोन्ही अंगठे चार बोटांच्या अंतरावर ठेवून कापड हलकेच ताणा, आधी उभं आणि मग आडवं. बारीक चर्र आवाज आला तर ते लुगडं रोजच्या वापराचं राहिलेलं नाही. ते जपून ठेवा आणि दुसरं वापरा.

पदराजवळच ते का विरतं, हे विणीत दडलेलं आहे. इरकल मूळची बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची. तिचं अंग सुती आणि पदर रेशमी. दोन्हींचे ताणे (उभे धागे) वेगळे लावतात आणि अंगाचे धागे पदराच्या धाग्यांत अडकवून जोड देतात. रेशीम घामानं आणि उजेडानं सुतापेक्षा लवकर थकतं. शिवाय खांद्यावरची पिन वर्षानुवर्षं त्याच भागात टोचलेली असते. यावर उपाय असा : पदराच्याच रंगाच्या, लाल मलमलीची पाच इंच रुंद पट्टी घ्या, ती आधी दोनदा धुवा म्हणजे आटेल आणि रंगही सुटून जाईल. विरलेल्या भागाच्या उलट बाजूनं ती ठेवा आणि एकेरी सुती दोऱ्यानं अर्ध्या-अर्ध्या इंचावर सैल हातटाके घाला. मशीन मारू नका. सुईच्या छिद्रांची सरळ ओळ पडते आणि जीर्ण कापड नेमकं त्याच ओळीवर फाटतं. टाके घट्ट ओढलेत तर नवी मलमल जुन्या रेशमाला खेचून फाडेल, तेव्हा हात सैल ठेवा.

आता कापण्याचं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, आणि सहावारीला साडेपाच मीटर लागतं. कापायचंच तर पदराच्या विरुद्ध टोकाकडून कापा, म्हणजे पावणेतीन मीटर काठासकट उरेल आणि त्यात दोन झंपर निघतील. पण आमचं मत विचाराल तर कापू नका. स्कूटीसाठी काष्ट्याचं नेसणं सहावारीपेक्षा सोयीचं आहे. पाय मोकळे राहतात, परकर अडकत नाही आणि गाडी उभी करताना पाय पटकन जमिनीला लागतो. घोट्याच्या चार बोटं वर नेसा. निऱ्या खोचल्यावर त्यांवरून इंचभर रुंद सुती पट्टी किंवा नाडी बांधा, म्हणजे खुर्चीतून उठता-बसता त्या सुटत नाहीत. पदर खांद्यावर पिन करून उरलेला कमरेभोवती आणून खोचा. पिन टोचताना आतल्या बाजूला झंपरच्या कापडाची दुहेरी घडी धरा, म्हणजे ताण रेशमावर न येता त्या घडीवर येईल.

कोणाच्या मागे बसून जाणार असाल तर गाडीला साडीगार्ड आहे का, ते आधी बघा. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, असा केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १२३ वा नियमच आहे. बरेच जण गाडी घेतल्यावर ते काढून टाकतात.

पहिल्यांदा धुण्याआधी पदराच्या कोपऱ्यावर ओला पांढरा फडका दोन मिनिटं दाबून धरा. फडका गुलाबी झाला तर लुगडं घरी धुऊ नका, नाहीतर पदराचा लाल रंग लुगड्याच्या अंगावर उतरेल.

परभणीत वकिली सुरू केली आहे. आजोबा शेरवानी घालून कोर्टात जात. मलाही बंद गळ्याचा काळा कोट किंवा शेरवानी रोज घालायची आहे. चालेल का? उकाड्याचं काय?
— तरुण वकील, परभणी

चालेल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पुरुष वकिलांसाठी दोन पर्याय आहेत आणि त्यातला पहिलाच तुमचा आहे : काळा बंद गळ्याचा कोट, चपकन, अचकन किंवा काळी शेरवानी, त्यावर पांढरे बँड (गळ्यातल्या पट्ट्या) आणि गाऊन. खाली पांढरी, काळ्या पट्ट्यांची किंवा राखाडी लांब पँट, नाहीतर धोतर. जीन्स नाही. गाऊन सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात सक्तीचा, इतरत्र ऐच्छिक आहे. उन्हाळ्यात कोट न घालण्याची सवलत जिल्हा आणि खालच्या न्यायालयांत मिळते. उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात गेलात तर ती सवलत नाही, हे लक्षात ठेवून कापड निवडा. आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा अंमल होता आणि कचेऱ्यांत शेरवानी नेहमीचीच होती. त्यामुळे हा पोशाख परभणीत उपरा वाटणार नाही.

उकाड्याचा प्रश्न कापडानं आणि अस्तरानं सुटतो. दुकानात बहुतेक वेळा टेरी-व्हिस्कोज पुढे करतात. स्वस्त आहे, पण त्यातलं पॉलिस्टर घाम धरत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण सोळा टक्के ओलावा शोषून ठेवते, सूत साडेआठ टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पातळ विणीची, चौरस मीटरला दोनशे वीस ते अडीचशे ग्रॅम वजनाची ट्रॉपिकल लोकर घ्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण मे महिन्यातही ती टेरी-व्हिस्कोजपेक्षा बरी. काळं सुती कापड हवेशीर खरं, पण धुऊन धुऊन वर्षभरात करडं पडतं आणि कोर्टात ते लगेच नजरेत येतं. बंद गळ्याच्या कोटाला अठ्ठावन्न इंची पन्ह्याचं (रुंदीचं) दोन मीटर, गुडघ्यापर्यंतच्या शेरवानीला अडीच मीटर धरा.

शिंपी मास्तरांना या गोष्टी स्पष्ट सांगा. अस्तर अर्धंच : खांदे, पाठीचा वरचा भाग आणि बाह्या. कॉलर सव्वा ते दीड इंच, त्याहून उंच झाली की मान खाली घालून फाइल वाचताना हनुवटीला लागते. गळ्याचं माप बँड बांधून द्या आणि आत दोन बोटं सहज जातील इतकी मोकळीक ठेवा. कॉलरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या सुती कापडाची वेगळी पट्टी चार-पाच टिचबटणांवर लावून घ्या, अशा सहा पट्ट्या शिवून ठेवा आणि रोज बदला. बंद गळ्याचा कोट सगळ्यात आधी कॉलरच्या आतून घामानं खराब होतो. पट्टी असली की कोट महिनोन्महिने ड्रायक्लीनला द्यावा लागत नाही. शेरवानीचे कडेचे काप दहा इंच तरी ठेवा आणि दुचाकीवर बसताना खालची दोन बटणं सोडा, नाहीतर शेवटच्या काजावर ताण येऊन कापड तिथे उसवतं.

सरकारी कार्यालयात आहे. कोल्हापुरी रोज घालता येईल का? आणि पावसाळ्यात ती टिकत नाही, त्यावर उपाय?
— लिपिक, बीड

आधी नियम. राज्य शासनाच्या ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकात महिला कर्मचाऱ्यांसाठी चपला, सँडल, बूट, तर पुरुषांसाठी बूट आणि सँडल सांगितले आहेत. स्लिपर दोघांनाही नाही. तुम्ही महिला असाल तर कोल्हापुरीला हरकत नाही. पुरुष असाल तर मागे पट्टा असलेली, जाड चामड्याची पेशावरी घाला. धाटणी जुनीच राहते आणि ती सँडलमध्ये मोडते. त्याच परिपत्रकात आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असंही आहे. जुन्या धाटणीचे कपडे कार्यालयात घालायला सुरुवात करायची तर शुक्रवार सगळ्यात सोपा.

आता चप्पल. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असं चामडं हवा खेळू देतं आणि पायाच्या आकारात बसतं, पण पाणी पिऊन फुगतं. तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. ती वादी भिजून सैल झाली की थर सुटायला लागतात. घेताना संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. टाच तळाच्या कडेपासून गव्हाच्या दाण्याएवढी आत हवी. चप्पल दोन्ही हातांनी वाकवून बघा : शिवण न उघडता ती वाकली पाहिजे. करकर वाजणारी जोडी कार्यालयासाठी घेऊ नका, कारागिराला बिनआवाजाची मागा.

नवी चप्पल अंगठ्याच्या वादीला आणि पंजाच्या पट्ट्याला चावते. एरंडेलाचे चार-पाच थेंब बोटावर घेऊन फक्त या दोन जागी, आतून आणि बाहेरून चोळा, रात्रभर ठेवा आणि सकाळी कोरड्या फडक्यानं पुसा. पहिले सहा दिवस घरात तासभरच घाला. काही जण अख्खी चप्पल तेलात बुडवतात. मग चामडं ताणून पट्टा सैल होतो, आणि महिनाभर पायाला, लुगड्याच्या काठाला आणि पँटच्या तळाला डाग लागत राहतात.

पावसाळ्याचं खरं उत्तर म्हणजे जून ते सप्टेंबर ती घालू नका. आपली काळी माती तळाला चिकटते आणि ओल धरून ठेवते, एक दिवस चिखलात काढला की शिवण सुटायला लागते. तरी भिजलीच तर पुसून, सावलीत, सपाट फळीखाली दाबून वाळवा. चूल, हीटर आणि ऊन नको. किंचित दमट असतानाच तेलाचा हलका हात फिरवा. पूर्ण वाळल्यावर तेल लावलं तर तोवर चामडं आकसून कडक झालेलं असतं. तळाला तीन-चार मिलिमीटरचा रबर लावून घेतला तर वापर दुपटीनं वाढतो, पण तो चिकटवून वर शिवूनही घ्या. नुसती चिकटवणी मे महिन्यातल्या डांबरी रस्त्यावर मऊ पडते आणि पुढचं टोक उघडतं.

वडिलांचे सत्तरीच्या दशकातले टेरलीनचे शर्ट आणि उंच कमरेच्या पँटी आहेत. बँकेत घालावेत असं वाटतं, पण शर्टाला दुपारीच वास येतो. गॅलिस (खांद्यावरून पँट धरणारे पट्टे) लावलं तर पँट वर ओढली जाते.
— बँक कर्मचारी, लातूर

शर्टाचा वास धुण्यानं जाणार नाही. टेरलीन म्हणजे पॉलिस्टरच, ते पाणी धरत नाही, पण अंगाचं तेल धरून ठेवतं, आणि बगलेतल्या त्या तेलावर जिवाणू वाढतात. उपाय हा की शर्ट नमुना म्हणून वापरा. मास्तरांकडे तोच शर्ट ठेवा आणि कॉलरच्या टोकाची लांबी (त्या काळी साडेतीन ते चार इंच), बटणपट्टीची रुंदी आणि कफाची उंची मोजून सुती पॉपलीनमध्ये तसाच शिवायला सांगा. बक्रम, म्हणजे कॉलरच्या आत घालायचं ताठ कापड, सुती मागा. चिकटवायचं स्वस्त बक्रम आपल्या पाण्यात दहा-बारा धुण्यांतच फुगे धरतं आणि मोठ्या कॉलरवर ते लगेच दिसतं. मूळचे टेरलीन शर्ट थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, सुती बनियनवर घाला, म्हणजे तेही वापरात राहतील.

गॅलिसचा त्रास पँटच्या उंचीचा आहे. गॅलिस बेंबीपाशी बसणाऱ्या पँटसाठी असतं. कमरेखाली बसणाऱ्या पँटला लावलं की तिला ते वर ओढणारच. वडिलांच्या पँटी उंच कमरेच्या आहेत असं म्हणता, म्हणजे बहुधा कुणीतरी त्या मधे कमरेतून कापून घेतल्या असाव्यात किंवा तुमची उंची जास्त आहे. माप असं घ्या : कडक खुर्चीत ताठ बसा, बेंबीच्या पातळीपासून खुर्चीच्या फळीपर्यंत टेप धरा आणि त्यात अर्धा ते पाऊण इंच मिळवा. कमरपट्टीपासून जांघेच्या शिवणीपर्यंतची उंची एवढी हवी. हल्लीच्या तयार पँटींत ती नऊ-दहा इंच असते, जुन्या बेतात साडेअकरा ते साडेबारा.

नवी शिवायची तर दोन्ही बाजूंना दोन-दोन प्लीट, खाली पावणेदोन इंचाची बाहेरून दुमड आणि कापड अठ्ठावन्न इंची पन्ह्याचं एक मीटर चाळीस. गॅलिसची बटणं सहा, कमरपट्टीच्या आतून : पुढे प्रत्येक बाजूला दोन, पहिलं थेट पुढच्या प्लीटवर, मागे दोन, मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचावर. चिमट्यांचं गॅलिस घेऊ नका, ते कापड चावतं आणि वाकल्यावर सुटतं. मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) दोन्हीकडे ठेवायला सांगा. जुन्या पँटी आजही वापरता येतात त्या या मायेमुळे, आणि पहिली काटकसर तिथेच केली जाते.

बेलबॉटमचा मोह आवरा, निदान गाडीवर जात असाल तर. चोवीस इंची घेर किकमध्ये आणि उघड्या चेनमध्ये अडकतो. अठरा ते वीस इंचांत त्या काळाचा बाज येतो आणि पायही सुरक्षित राहतो.

बोअरच्या पाण्यात धुऊन खादीचे नेहरू शर्ट पिवळट आणि पुठ्ठ्यासारखे कडक झालेत. रेशमी साड्यांचीही चमक गेली.
— जालना

पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, हीच त्याची ओळख. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका बनवतात, तो धाग्यांत अडकतो आणि धूळ धरतो. तुम्हाला दिसणारा पिवळेपणा बहुतांशी या साक्याचा आहे. अशा वेळी लोक साबण वाढवतात, आणि साकाही वाढतो.

खादी आणि इतर सुती कपड्यांसाठी : दहा लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, दहा मिनिटं थांबा आणि मगच साबण किंवा पावडर टाका. धुऊन झाल्यावर दोनदा साध्या पाण्यातून काढा. तिसऱ्या पाण्यात दहा लिटरला अर्धा कप पांढरं व्हिनेगर किंवा एक छोटा चमचा लिंबूसत्त्व घाला, पाच मिनिटं बुडवा आणि पिळा. आम्लानं साका सुटतो. जुना साठलेला थर एका धुण्यात जात नाही, चार-पाच वेळा लागतात. नीळ यानंतर, वेगळ्या पाण्यात, आणि कपडा आधी पूर्ण ओला करून. कोरड्या खादीवर नीळ डाग धरते.

रेशमाला आणि लोकरीला सोडा कधीही नको. हे प्राण्यांपासून आलेले धागे अल्कलीनं झिजतात आणि चमक तिथेच जाते. त्यांच्यासाठी रिठा. दहा-बारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून दाट फडक्यातून गाळा आणि अर्धी बादली पाण्यात मिसळा. रिठ्याचा फेस जड पाण्यातही साका धरत नाही, म्हणून जालन्यासारख्या ठिकाणी तो कुठल्याही साबणापेक्षा भरवशाचा. साडी पाच मिनिटं खालवर करा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. पांढऱ्या रेशमावर मात्र रिठ्याची किंचित तपकिरी छटा राहते. जरीच्या साड्या घरी धुऊच नका.

पाणी सुधारलं की खादी मऊ पडेल आणि मग तुम्हाला खळ लागेल. दोन मोठे चमचे साबुदाणा तासभर भिजवून लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकळा, गाळा, अर्ध्या बादलीत मिसळा. दोन शर्ट आणि दोन पायजम्यांना पुरतं. कपडा उलटा करून खळीत बुडवा आणि थोडा दमट असतानाच इस्त्री करा. खळीचा उपयोग नुसता ताठपणासाठी नाही : धूळ खळीवर बसते आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबर निघून जाते. म्हणूनच बाजारपेठेत बसणाऱ्या माणसांचे पांढरे कपडे पांढरे राहतात. पण हंगाम संपल्यावर कपडे ठेवून देताना खळ पूर्ण धुऊन काढा, कारण कसर आधी खळीवरच येते.

नवी खादी घ्याल तेव्हा शिवण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून वाळवा. मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर आटते. नेहरू शर्टाला छत्तीस इंची पन्ह्याचं तीन मीटर घ्यायचं ते त्यासाठीच. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, राष्ट्रध्वज तयार करणारी. हातकताईची जाड-बारीक वीण कशी असते ते तिथे बोटांनी चाचपून बघा. एकसारखं, गुळगुळीत कापड खादी म्हणून विकलं जात असेल तर मग ते लगेच ओळखता येईल.

घरात जुनी हिमरू शाल आहे. तिचं जाकीट शिवून ऑफिसला घालावं असा विचार आहे.
— छत्रपती संभाजीनगर

जुनी शाल कापू नका. हिमरूत ताणा सुती आणि बाणा (आडवे धागे) रेशमी असतो, आणि नक्षीचे जादा धागे उलट बाजूला मोकळे सुटलेले असतात. कात्री लागली की ते कडेनं उसवत जातात, आणि जुन्या शालीत त्यांना धरून ठेवायला बळ उरलेलं नसतं. शहरात आजही हिमरू मिळतं. त्याचं नवं कापड घ्या, कापण्याआधी बेताच्या रेषेवर आतून-बाहेरून मशीनच्या दोन ओळी मारून घ्या आणि मगच कापा. माया पाऊण इंच आणि अस्तर सुती, पूर्ण. अस्तराशिवाय मोकळे धागे घड्याळाच्या पट्ट्यात आणि नखांत अडकून नक्षी ओढली जाते. बिनबाह्यांचं जाकीट, खाली एकरंगी फिका शर्ट, एवढं कार्यालयाला पुरे. शाल थंडीत खांद्यावर घ्या, तिचं काम तेच.

काकांचे न वापरलेले बूट पंधरा वर्षं कपाटात होते. पहिल्याच दिवशी तळ भुगा होऊन पडला. चामडं मात्र उत्तम आहे. दुरुस्त होईल?
— धाराशिव

होईल. तो तळ पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असणार. हवेतल्या ओलाव्यानं या पदार्थाच्या साखळ्या हळूहळू तुटतात, वापरला नाही तरी. बंद कपाटात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत तर आणखीच लवकर. जुना साठा स्वस्तात विकत घेणाऱ्यांनी म्हणून तळावर नख जोरात दाबून बघावं. खूण उठून तशीच राहिली किंवा भुकटी निघाली तर तो बूट घालून बाहेर पडू नका. रबर आणि चामड्याचे तळ असे कुजत नाहीत.

चांगल्या चर्मकाराकडून जुना पीयू पूर्ण खरवडून काढा आणि रबरी तळ कडेनं शिवून लावा. क्रेपचा तळ जुन्या बुटांना शोभतो खरा, पण आपल्या उन्हात मऊ पडतो आणि खडे-माती धरतो, तेव्हा नकोच. वरच्या चामड्याला तेल न लावता रंगहीन क्रीम दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा लावा. पांढरी बुरशी असेल तर आधी व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून पुसा आणि सावलीत वाळवा. घालायला लागल्यावर एक दिवसाआड घाला. दिवसभराचा घाम आतून वाळायला चोवीस तास लागतात. मधल्या दिवशी वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा.

ऑफिसात लोक टोमणे मारतील अशी भीती वाटते.
— नांदेड

एका वेळी एकच जुनी गोष्ट घाला. नेहमीच्या शर्टाखाली उंच कमरेची पँट, किंवा नेहमीच्या साडीवर खणाचं झंपर. पंधरा दिवसांनी दुसरी. कपडा नीट बसलेला, स्वच्छ आणि इस्त्रीचा असेल तर लोकांची नजर लवकर सरावते. डोक्यापासून पायापर्यंत एकाच दिवशी जुनं घातलं तर तो नाटकाचा वेष वाटतो, आणि सैल-घट्ट माप त्या वाटण्यात भर घालतं.

आडतीवर बसतो. धोतर रोज घालायचं आहे, पण चालताना पायात येतं आणि दुपारपर्यंत सुटतं.
— सेलू

दोन्ही तक्रारी लांबी-रुंदीच्या आहेत. हल्ली पूजेसाठी म्हणून तयार मिळतं ते पान (धोतराचं अख्खं कापड) आखूड आणि अरुंद असतं. रोजच्या कामाला पाच वारी पान घ्या, म्हणजे साडेचार मीटर, पन्हा अठ्ठेचाळीस ते पन्नास इंच. तुमची उंची साडेपाच फुटांपेक्षा कमी असेल तर पन्हा पंचेचाळीस इंच पुरे, नाहीतर जादा कापड पायात येणारच. सूत मध्यम घ्या. फार तलम पान निसरडं असतं आणि गाठ धरत नाही. नव्या पानातली गिरणीची खळ दोनदा धुतल्यावरच जाते, तोवर ते सुटत राहील.

नेसताना कमरेची पहिली गाठ बेंबीच्या खाली दोन बोटं आणि श्वास सोडून बांधा. श्वास भरून बांधलेली गाठ जेवणाआधीच सैल पडते. पुढच्या निऱ्या पाच-सहा, प्रत्येक चार बोटांची. कासोटा मागे खोचताना त्याचं टोक एकदा आत वळवून खोचा आणि खोचलेला भाग कमरेखाली निदान वीतभर जाऊ द्या. मग एकदा उकिडवं बसून उठा. ताण आला तर कासोटा जास्त ओढला गेलाय, दोन बोटं सोडा. काठ घोट्याच्या वर राहू द्या.

सरकी-कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये जाणं होत असेल तर त्या दिवशी धोतर नको. फिरत्या पट्ट्याजवळ आणि दांड्याजवळ सुटा सोगा क्षणात ओढला जातो. त्या दिवसांसाठी खादीचा नाडीचा पायजमा ठेवा, तळाचा घेर चौदा इंच, नाडीची टोकं आत खोचलेली आणि वर नेहरू शर्टाऐवजी कमरेपर्यंतची बंडी.